प्रत्येक कावीळ ‘उतरत’ नाही

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘कुणाकडे उतरवली?’ वाणगाव, डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर कुणी भगताचे औषध घेतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुतो. यातले बरेच रुग्ण खरोखर बरे होतात, कारण दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र माळेला मिळते. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या काविळीत रुग्ण वाट पाहत राहतो आणि वेळ जातो.

ही दुसरी कावीळ पित्तनलिका अरुंद झाल्याने होते. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते सुमारे ६ मिलिमीटर रुंदीच्या नळीतून आतड्यात उतरते. वाट अडली की पित्त मागे तुंबून रक्तात मिसळते. लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते आणि शौचाचा रंग शाडूच्या मातीसारखा पांढरट होतो, कारण शौचाला रंग देणारे पित्त आतड्यात पोहोचतच नाही. अशा वेळी थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नलिका अरुंद होण्याची कारणे अनेक आहेत: अडकलेले खडे, दारूमुळे स्वादुपिंडाला वारंवार येणारी सूज, कर्करोग आणि पित्ताशय काढताना नलिकेला झालेली इजा. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती सर्रास होते. नलिकेला इजा हजारात साधारण ३ ते ५ जणांनाच होते. पण शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही डोळे पिवळे झाले, तर जुने कागद डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

निदानाची सुरुवात रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने होते. पुढे ईआरसीपीमध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून नलिका फुग्याने रुंद करतात आणि स्टेंट, म्हणजे छोटी नळी बसवतात. काहींना नलिका आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया लागते.

खरी अडचण त्यानंतर येते. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत तुंबू लागतो. तो बदलावा किंवा काढावा लागतो. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात आणि शिमग्याला परततात. दिवाळीच्या सुमारास बसवलेल्या स्टेंटची मुदत नेमकी मधल्या काळात संपते. खाज थांबलेली, भूक लागलेली, मग रोजगार बुडवून मुंबईला कोण जाणार? तुंबलेला स्टेंट मात्र जीवघेणा ताप घेऊन येतो.

हा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारणे मला मान्य नाही. स्टेंट बसवणाऱ्या रुग्णालयाने घरी सोडतानाच्या कागदावर बदलण्याची तारीख मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी आणि तालुक्याच्या रुग्णालयाला कळवावी. तिथे अशा रुग्णांची वेगळी नोंदवही असावी. स्थलांतरापूर्वी आशाताईंनी ती तारीख कुटुंबाला पुन्हा सांगावी आणि मोबाइल नंबर घ्यावा. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचे वार ठरलेले आणि पाळलेले असावेत. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी.

भगतांनाही विनंती आहे. पाड्यावरचा माणूस आधी तुमच्याकडे येतो. त्याला शौचाचा रंग आणि खाज या दोन गोष्टी विचारा. शौच पांढरट असेल किंवा अंगाला खाज असेल, तर त्याला त्याच आठवड्यात सोनोग्राफीला पाठवा. थंडीताप असेल तर त्याच दिवशी.