कुत्र्याला घेऊन ग्रँड कॅन्यनला जाताय?

घरात कुत्रा असला की सहलीचा बेत ठरताना पहिला प्रश्न हाच, "याला कुठे ठेवायचं?" अमेरिकेत अनेक कुटुंबं आरव्ही घेऊन निघतात. आरव्ही म्हणजे पलंग, छोटं स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेली गाडी. मग कुत्राही सोबत! तिकडे लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलात, तर अशा सहलीचा योग तुम्हालाही येऊ शकतो. म्हणून आज थोडं त्याविषयी.

अॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कमध्ये दरीच्या दक्षिण काठावर, म्हणजे साउथ रिमवर, ट्रेलर व्हिलेज नावाचा आरव्ही तळ आहे. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी गाडीपाशीच मिळते. जवळच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये या जोडण्या नाहीत, पण जागा झाडीतली आहे. कुत्रा दोन्हीकडे चालतो.

अडचण येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी! काठाकाठाने जाणाऱ्या रिम ट्रेलवर कुत्र्याला फिरवता येतं, पण दरीत उतरणाऱ्या वाटांवर त्याला बंदी आहे. पार्कच्या शटल बसमध्येही पाळीव प्राणी नेता येत नाहीत. नियम जाचक वाटतो, पण कारण पटण्यासारखं आहे. या अरुंद वाटांवरून पर्यटकांना घेऊन खेचरं जातात. कुत्रा भुंकला आणि खेचर बिचकलं, तर बाजूला खोल दरी आहे. शिवाय कुत्र्याच्या वासानेही जंगली प्राणी बुजतात.

मग मोह होतो, "एसी लावून गाडीत ठेवू, दोन तासांत येतोच." इथेच सांभाळा. वीज गेली किंवा एसी बंद पडला, तर उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते आणि कुत्र्याच्या जिवावर बेततं. बाहेर बांधून निघून जाण्यालाही पार्कमध्ये मनाई आहे.

सोपा उपाय म्हणजे पाळ्या लावा. सकाळी दोघं दरीत उतरतील, दोघं कुत्र्यासोबत काठावर फिरतील. दुपारनंतर अदलाबदल नको, कारण उन्हाळ्यात दरीत फार तापतं. दुसऱ्यांची पाळी पुढच्या सकाळी. सगळ्यांना एकत्रच जायचं असेल, तर साउथ रिमवर कुत्र्यांना सांभाळणारं केनेल आहे. तिथे लसीकरणाचा दाखला लागतो आणि सुट्ट्यांच्या दिवसांत आधी नोंदणी केलेली बरी.

एवढं लक्षात ठेवा:

• पट्टा 6 फुटांपेक्षा लांब नको. काठाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.
• काठ सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे आणि हवा कोरडी. पाणी आणि वाटी कायम जवळ हवी.
• डांबरी वाटेवर आपला तळहात टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसेल.
• सांबरासारखे दिसणारे थोराड एल्क तळावरही येतात. त्यांच्यापासून निदान 30 मीटर लांब राहा.
• कुत्र्याची घाण पिशवीत भरून कचरापेटीत टाका.

दरीचे रंग कुत्र्याला कळणार नाहीत. त्याला घरची माणसं जवळ हवी असतात. बेत ठरवताना आधी त्याच्या दिवसाचा विचार केलात, तर सगळ्यांचीच सहल छान होईल.

तुमचा लाडका कुठवर फिरून आलाय? आम्हाला जरूर कळवा!