जयंती झाली, आता सुट्टीचं बोला

14 एप्रिलला तुर्भे, रबाळे, दिघ्याच्या वस्त्यांत आपली पोरं रात्रभर राबतात. मे महिन्यात त्याच वस्तीतल्या पाचवीच्या मुलीजवळ बसायला कोणी नसतं.

महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तीही गेली तर मूल त्याच वर्गात. म्हणजे फैसला सुट्टीतच होतो. टॉवरमधल्या मुलाला क्लास आहे. नाका कामगाराच्या मुलीला धाकटा भाऊ सांभाळायचा असतो.

बाबासाहेबांनी 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं. आम्ही वह्यावाटपाच्या विरोधात नाही, पण वही भागाकार शिकवत नाही. एका कार्यकर्त्याने दोनच मुलं घ्यावीत, रोज तासभर, जूनपर्यंत तीच. विहार दुपारी रिकामं असतं, ते उघडा.

सरकारचं काम आपण का करायचं, असं काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. नापास मुलाला जादा मार्गदर्शन द्यायला कायदा शाळेलाच सांगतो. ते कधी, कुठे मिळणार हे पालकांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना विचारूच. तोवर निकालपत्रकं मागवा. कोणाचा कोणता विषय राहिलाय, ते आधी बघू.