तीन चाकं आणि परतीचं तिकीट

गेले सहा रविवार मी सकाळी सहाला उठतोय. बायकोला आधी वाटलं जिम लावली. शेवटी खरं सांगून टाकलं, "रिक्षा शिकतोय." ती दोन सेकंद गप्प बसली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "कंपनीत काही झालंय का?"

नाही हो, नोकरी शाबूत आहे. झालंय असं की आमच्या लंडनच्या टीममधल्या एका मित्राने 'रिक्षा रन'ला नाव घातलंय आणि तिसरा गडी म्हणून मला ओढलंय. 'द ॲडव्हेंचरिस्ट्स' नावाच्या ब्रिटिश मंडळींनी २००६ साली सुरू केलेली ही भानगड. आपली साधी रिक्षा घ्यायची आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघायचं. उदाहरणार्थ कोची ते जैसलमेर. रस्ता ठरलेला नाही, मागून मेकॅनिकची गाडी येत नाही, बंद पडलात तर तुमचं तुम्ही बघा. त्यातच मजा आहे म्हणे.

मी म्हटलं, त्यात काय! जुनी चेतक चालवलीये, कार चालवतो. रिक्षा काय, कोणीही चालवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या चौकातल्या स्टँडवर एक काका आहेत. बावीस वर्षं रिक्षा चालवतायत. त्यांना विचारलं, शिकवाल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "साहेब, मस्करी करताय का सकाळी सकाळी?" मग तीनचाकीचं लर्निंग लायसन्स काढून दाखवलं, तेव्हा पटलं. रविवारी सकाळी दोन तास, रिकाम्या मैदानावर. पैसे मीटरच्या हिशोबाने, वेटिंगसकट.

आता रिक्षाविषयी थोडं. स्टेअरिंग नाही, स्कूटरसारखं हँडल. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र: पहिला एका बाजूला, मग न्यूट्रल, बाकीचे तीन दुसऱ्या बाजूला. उजव्या मुठीत रेस. ब्रेक मात्र उजव्या पायाखाली. म्हणजे हात स्कूटरवर आणि पाय कारमध्ये. पहिल्या दिवशी माझा डावा पाय सारखा क्लच शोधत होता. रिव्हर्सची वेगळी दांडी. काकांच्या रिक्षाला बटण स्टार्ट आहे, पण त्यांनी मला खालची दांडी ओढूनच चालू करायला लावली. "बटण दगा देतं. हात नाही देत."

या यंत्राचं घराणं इटालियन. व्हेस्पा ज्याने काढली त्याच कोराडिनो दास्कानियोने तिचीच तीनचाकी बहीण काढली, १९४८ मध्ये बाजारात आली. नाव ठेवलं 'आपे', म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. (हो, गावोगावी वडापला पळते तीच आपली आपे. आणि ती बनते कुठे, तर बारामतीत!)

खरी गोम तीन चाकांची आहे. दोन चाकं मागे, एक पुढे, म्हणजे जमिनीवर एक त्रिकोण. वजनाचा तोल त्या त्रिकोणात आहे तोवर गाडी उभी. वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं, ब्रेक दाबला की पुढे जातं. वळता वळता ब्रेक दाबला तर ते पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात रिक्षाला चाक नाही! काकांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: "ब्रेक वळायच्या आधी, वळताना नाही." मी इंजिनिअर असल्यामुळे मान डोलावली आणि विसरून गेलो.

तिसऱ्या रविवारी जरा हात बसला होता. तिसऱ्या गिअरमध्ये होतो, समोर कुत्रं आलं. मी वळलो आणि ब्रेक दाबला. आतलं मागचं चाक उचललं गेलं. काका शेजारी अर्ध्या सीटवर बसले होते. त्यांनी सगळं अंग माझ्यावर टाकलं, म्हणून रिक्षा उलटली नाही. पण मैदानाच्या कठड्यावर जाऊन आपटली.

"लागलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर ते उतरले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढचा मडगार्ड आत गेला होता, हेडलाइट फुटला होता, हँडल वाकडं. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "उद्या सोमवार."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, काका, दुरुस्तीचा सगळा खर्च माझा, दोन दिवसांचा धंदाही माझ्याकडून. ते म्हणाले, "ते ठीक आहे. शाळेची पोरं आहेत ना." सकाळी सहा मुलं शाळेत सोडायची, दुपारी आणायची. त्यांच्या आयांना फोन करून सांगायचं, दुसऱ्या रिक्षावाल्याला गळ घालायची. गाडी बुधवारी रस्त्यावर आली. सहातली दोन मुलं त्या दुसऱ्या रिक्षातच राहिली. त्याचे पैसे कसे मोजायचे? मी विचारलंही. काका म्हणाले, "जाऊ दे."

आता माझं मत सांगतो, न पटल्यास अवश्य भांडा. आपण ज्याला ॲडव्हेंचर म्हणतो ना, त्यात धाडसापेक्षा परतीच्या तिकिटाचा वाटा मोठा असतो. क्लच केबल तुटणं, पावसात टपाखाली भिजणं, घाटात इंजिन तापणं, संध्याकाळी कुठे पोचू याचा पत्ता नसणं. हे पंधरा दिवस केलं तर अनुभव. बावीस वर्षं केलं तर धंदा, आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही.

काका महिन्याला पंचवीस दिवस गाडी काढतात, दिवसाला ऐंशी किलोमीटर धरा. वर्षाचे २४,००० झाले. बावीस वर्षांचे सव्वापाच लाखांच्या वर. पृथ्वीचा घेर ४०,००० धरला तर तेरा प्रदक्षिणा! आणि हा माणूस रिक्षा घेऊन सगळ्यात लांब कुठे गेलाय? जेजुरीला. लग्नानंतर जोडीने देवदर्शनाला, तेसुद्धा धाकधूक करत. कारण रिक्षाचं परमिट ठरावीक हद्दीपुरतं असतं. तेरा प्रदक्षिणा, सगळ्या कात्रज ते निगडीच्या आत. आणि मी, ज्याला वळताना ब्रेक दाबू नये एवढं कळत नाही, तो निघालोय कोची ते जैसलमेर.

म्हणजे रिक्षावाले सगळे संत असं मला म्हणायचं नाही. पावसात "नाही येणार" ऐकल्यावर माझंही डोकं फिरतं आणि यापुढेही फिरेल. काकांनाही हे बोललो. ते म्हणाले, "बरोबर आहे, चिडायलाच पाहिजे." आणि लंडनचा मित्र किंवा हौसेने येणारे लोक वाईट आहेत असंही नाही. चॅरिटीसाठी पैसे जमवतात, मनापासून येतात. फक्त आम्ही सगळे मिळून एक खोटं बोलतो, की रिक्षा म्हणजे एक गमतीदार, वेडगळ वाहन आहे आणि तिच्यातून लांब जाणं म्हणजे वेडेपणा. वेडगळ काही नाही त्यात. ते एक अवघड हत्यार आहे आणि ते वापरायला कसब लागतं. आपल्याला ते कसब दिसत नाही, कारण आपण कायम मागच्या सीटवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलो असतो.

मग जाऊ नये का? मी जाणार आहे. पण मित्राला दोन गोष्टी कळवल्या. एक, कोचीत उतरल्यावर सुरुवातीचे तीन दिवस तिथल्या एखाद्या रिक्षावाल्याकडे शिकायचं, आणि फी आपण एखाद्या ट्रेनरला देतो तशी द्यायची, टीप म्हणून नाही. दोन, "आमच्या मागे कोणी नाही" हे वाक्य आपण कुठेही लिहायचं नाही. आपल्यामागे पगार आहे, विमा आहे, क्रेडिट कार्ड आहे. तो "ओके" म्हणाला. पटलं की नाही, देव जाणे.

काकांना म्हटलं होतं, तुम्हीही चला, खर्च आमचा. ते हसले. "आणि राहिलेली चार पोरं?"

एक बदल मात्र झालाय. त्या अपघातानंतरच्या रविवारी मी वळणावर परत पाय ब्रेककडे नेला, तेव्हा काका ओरडले, "अरे, आधी! आधी दाब की!" बावीस वर्षांचा माणूस मला 'साहेब' म्हणत होता ते तिथे संपलं. आता मी त्यांच्यासाठी 'अरे' आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं चांगलं प्रमोशन मिळालं नव्हतं.

असो. उद्या रविवार, सहाला उठायचंय. उद्या रिव्हर्स.