मादी उंदराचं डोकं म्हणे ठिकाणावर नसतं!

मैत्रिणींनो, उंदराच्या मेंदूशी आपला काय संबंध, म्हणून पान उलटू नका.

प्रयोगशाळेत उंदराच्या कवटीला बारीकशी खिडकी पाडतात. त्याच्या मेंदूतल्या पेशींत असं प्रथिन घातलेलं असतं, की पेशी चेतली, तिच्यात कॅल्शियम वाढलं, की ते उजळतं. २०११ साली तर दोन ग्रॅमहून हलका सूक्ष्मदर्शक उंदराच्या डोक्यावरच बसवला. उंदीर हिंडतोय आणि शेकडो पेशी लुकलुकताना दिसताहेत! नवल वाटावं असंच आहे हे.

पण मेंदू कोणाचा पाहिला? बीअरी आणि झुकर या संशोधकांनी २००९ सालचे प्राण्यांवरचे शोधनिबंध तपासले. मज्जाविज्ञानात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या साडेपाच पट निघाले. कारण काय, तर मादीचं चार-पाच दिवसांचं चक्र निष्कर्ष बिघडवतं. पाळीच्या दिवसांत बाईचं डोकं ठिकाणावर नसतं, हे आपण चावडीवर ऐकतोच. तेच हे, पांढरा कोट घालून. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती मीही शिकले. अर्धी जात अडचणीची म्हणून वगळा, असं त्यात कुठे नव्हतं. २०१४ साली २९३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, तेव्हा मादी उंदीर नराहून जास्त अस्थिर नाही असंच दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नर-मादी फरकाचा विचार करायची अट घातली, तीही २०१६ साली.

आता आपल्या यवतमाळात या. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात वीसवर शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो इस्पितळात पडले. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं घाव घालतात ती मज्जासंस्थेवरच. बोललं गेलं ते पाठीवर पंप घेणाऱ्या पुरुषाबद्दल. त्याच्याबद्दल बोलायलाच हवं होतं. पण फवाऱ्यासाठी पाणी वाहणारी, औषध कालवणारी, त्याचे भिजलेले कपडे हातांनी धुणारी, आणि पुढे त्याच पऱ्हाटीत ओटी बांधून कापूस वेचणारी? तिच्या अंगात थोडं थोडं जाणारं विष तिच्या मेंदूत, पाळीत, पोटातल्या लेकरात काय करतं, हे नर उंदीर कसं सांगणार?

आपल्या गटांनी हे लेखी विचारावं. सरकारी पैशातून कीटकनाशकांचे अभ्यास होतात, त्यांत माद्या किती घेतल्या? त्यांचे आकडे वेगळे मांडले का? आणि आरोग्य केंद्रातही विचारावं : हंगामात चक्कर येऊन आलेल्या बाईच्या कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिण्याआधी ती कोणाच्या वावरातून आली, हे कोणी विचारतं का?