मान्सून लवकर आला, रोपे ट्रेमध्येच राहिली

2025 मध्ये मान्सून 25 मे रोजीच तळकोकणात उतरला. कोल्हापूर भागात मशागत राहिली, वाफसा येईना. शेडनेटमधली टोमॅटो-मिरची मात्र वाढत गेली. असे पुन्हा होऊ शकते. टोमॅटोचे रोप 25 ते 30 दिवसांत, मिरचीचे 35 ते 40 दिवसांत लागणीला येते. पुढे कप्प्यात मुळे गुंडाळतात, शेंडा लांबतो. उंच रोप बघून आपण खूश होतो, पण तेच शेतात आधी मान टाकते. म्हणून सगळी रोपे एकाच तारखेला मागवू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. रोपवाटिकेत उंचीपेक्षा पेरणीची तारीख विचारा. लागणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपे उन्हात काटक करा. चिखलात लावू नका. पाऊस लांबलाच तर ट्रेला युरिया देऊ नका, रोप आणखी लांबेल.