नव्वदावी जागा

व्यावसायिक फुटबॉल संघ खेळाडू निवडताना सद्भावनेला कधी जागा देतात काय, असा प्रश्न इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला. विषय अमेरिकेतील फुटबॉलचा होता. (तो पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळतात, हे वर्गास पटवून देण्यात आमची अर्धी तासिका गेली.)

देतात, हे खरे. 2010 साली महाविद्यालयीन सामन्यात मानेच्या मणक्यास इजा होऊन एरिक लेग्रँड यांचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांचे प्रशिक्षक ग्रेग शियानो टॅम्पा बे संघाकडे गेले आणि 2012 मध्ये त्या संघाने लेग्रँड यांना करारबद्ध केले. 2014 मध्ये सिनसिनाटी संघाने डेव्हन स्टिल यांना मुख्य चमूतून वगळले, परंतु सराव-पथकात ठेवले. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीस कर्करोग झाला होता, आणि नोकरीबरोबर विम्याचे छत्रही गेले असते. या कृतींमागील माणुसकीविषयी आम्हांस शंका नाही. मात्र जागा कोणती, हेही पाहावे. लेग्रँड यांना मिळाली ती हंगामापूर्वीच्या नव्वद जणांतील. हंगामासाठी उरणाऱ्या 53 जणांतील नव्हे. उपकाराने मिळालेली जागा आणि हक्काने घेतलेली जागा यांतील अंतर या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही.

याच लीगमध्ये 1934 ते 1945 या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. दार उघडले ते कुणाचे मन द्रवले म्हणून नव्हे. 1946 साली लॉस एंजेलिसला आलेल्या रॅम्स संघास तेथील सार्वजनिक मालकीचे कोलिझियम मैदान हवे होते. जनतेच्या पैशाच्या मैदानात आमच्या माणसांना मज्जाव कसा, असा जाब हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकाराने विचारला. तेव्हा केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड संघात आले. राजधानीतील संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर 1961 पर्यंत अडून बसले. त्यांचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. भेदभाव सोडा, अन्यथा मैदान विसरा, अशी ताकीद मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी दिली, आणि 1962 मध्ये बॉबी मिचेल त्या संघातून खेळले.

त्या पहिल्याच हंगामात मिचेल यांनी 72 झेल घेऊन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेल्या संघाने पाच जिंकले. मग इतकी वर्षे मालकास हे दिसले नाही काय, असे त्या विद्यार्थ्याने विचारले.

दिसत होते, असे आम्ही म्हणालो.