दोन दातांची खूण

दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घालताना आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, बाहेर झेंडूची फुलं आणि आत दुष्काळी तालुका! काचेखालचं ते काळं एकदा बदलून तरी घ्या."

'ते काळं' म्हणजे डॅशबोर्डावरचा पॅड. ज्यांच्या दारात एके काळी फियाट किंवा पद्मिनी उभी असे, त्यांना तो लगेच आठवेल. समोरच्या काचेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवलेली रेक्झिनची लांबट गादी. आमच्या गादीला इतक्या भेगा पडल्या होत्या की वैशाखातले शेत बरे. भेगांतून आतला फोम डोकावे आणि त्याचा पिवळा भुसा बसणाऱ्याच्या मांडीवर पडे. परिटघडीची विजार घालून गाडीत बसावे आणि हळदी-कुंकवाला जाऊन आल्यासारखे उतरावे, असा प्रकार होता.

गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सी.सी.चे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची बैठक बाकासारखी सलग. मुंबईच्या रस्त्यांवरून हिच्या काळ्या-पिवळ्या बहिणींनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. आमची मात्र दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन फेरनोंदणीचा शिक्का घेऊन येते आणि पुण्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या बोळात ऐटीत उभी राहते. ती घेतली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बँकेतून कर्ज काढून. चालवतातही तेच. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर.

खरे दुखणे इथेच होते. पॅडचे निमित्त.

या पावसाळ्यात फाटकाच्या खांबावर दोन ओरखडे उठले. अण्णा म्हणाले, खांब कललाय. मग एका गुरुवारी अलका टॉकीजच्या चौकात त्यांनी लाल दिवा असताना गाडी सरळ पुढे काढली. आमची कन्या शेजारी बसली होती. तिने ते रात्री आईच्या कानात सांगितले, आईने माझ्या कानात सांगितले, आणि माझ्यापाशी येऊन ती बातमी थांबली. ज्या माणसाने हात धरून आपल्याला रस्ता ओलांडायला शिकवले, त्याला 'आता तुम्ही गाडी चालवू नका' हे कसे सांगायचे? वर्गात साठ मुलांपुढे तासभर बोलणारा मी, पण हे एक वाक्य मला जुळवता येईना. म्हणून पत्नीने पॅडचा विषय काढताच मी त्यावर झडप घातली. बोलायचे एक आणि काढायचे दुसरे, ही आम्हां मध्यमवर्गीयांची जुनी खोड आहे.

"पॅड कशाला बदलायचा? अजून चांगला आहे," अण्णा म्हणाले. हेच ते गेली वीस वर्षे म्हणत आले होते. मी तो काटकसरीचा भाग समजत होतो. शेवटी सुनेपुढे त्यांचे चालले नाही.

भाषेच्या मास्तराला पाना हाती घेण्याआधी कोश उघडावा लागतो. 'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीचा नव्हेच, घोडागाडीचा. पळत्या घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. घोडे गेले, चिखल बोनेटखाली राहिला, पण फळीचे नाव टिकले. त्या फळीवर गादी का आली, याची हकीगतही वाचनात आली. अमेरिकेत डेट्रॉइट शहरी क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. १९३० नंतरच्या दशकात मोटार अपघातांत चेहरे फाटलेली माणसे त्यांच्या टेबलावर येत. त्यांतली कितीतरी चालकाच्या शेजारी बसलेली असत, आणि त्यांना जखमी करणारा असे समोरचा लोखंडी डॅशबोर्ड आणि त्यावरच्या टोकदार मुठी. या डॉक्टरांनी आपल्या गाडीत गादी बसवून घेतली आणि ते मोटारी बनवणाऱ्यांच्या मागे लागले. १९५६ साली फोर्डने जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी अशी गादी ठेवली. पुढे १९६८ सालापासून तिकडे गाडीचा आतला भाग आघात सोसणारा असावा, असा नियमच झाला. चिखल अडवणारी फळी अशी कपाळमोक्ष अडवणारी झाली.

मात्र ही गादी पट्ट्याचे काम करीत नाही. पट्टा माणसाला जागेवर धरतो, गादी फक्त आपटणाऱ्याचा मार थोडा कमी करते. आमच्या गाडीला पट्टे अण्णांनी मागाहून बसवून घेतले. ते का, याचाही उलगडा पुढे व्हायचा होता.

रविवारी मिस्त्री आला. मी मदतनीस. पहिले काम बॅटरीचे. तिची ऋण बाजूची वायर आधी सुटी केली, कारण डॅशबोर्डाखाली वायरींचे जाळे असते आणि तिथे पाना टेकला तर ठिणगी उडते. दुसरे काम गणपतीचे. आईने गाडी घेतली त्या दिवशी पॅडवर इवलासा गणपती चिकटवला होता. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी पातळ पट्टी खालून सरकवून मूर्ती हळूच सोडवली आणि देवघरात नेऊन ठेवली.

मग खरी परीक्षा. आमचा पॅड वरून मोकळा दिसे, पण खालून नटांनी आवळलेला. ते काढायला पाय बैठकीवर, डोके क्लचपाशी आणि तोंड आभाळाकडे, असे शीर्षासनाच्या जवळपास जाणारे आसन करावे लागते. चाळीस वर्षांचा गंज नटांना सोडीना. मिस्त्रीने त्यांवर तेल सोडले आणि चहा मागवला. "सर, घाई केली की बोल्ट तुटतो. तेलाला आत शिरू द्या." अर्ध्या तासाने दहा नंबरचा पाना फिरू लागला. प्रत्येक नट निघाला तशी मी त्याची जागा कागदावर लिहून काडेपेटीत घातली. पेपर तपासण्याची सवय कामी आली.

पॅड सुटला तेव्हा हातात भुगाच जास्त आला. मिस्त्री म्हणाला, "उन्हानं खाल्ला." खरेच होते. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसीचा. ते मुळात कडक असते. त्याला मऊपणा यावा म्हणून तेलासारखी द्रव्ये मिसळतात. काचेतून येणाऱ्या उन्हाने ती वर्षानुवर्षे उडून जातात. त्यांतलीच काही काचेला आतून धुरकट साय होऊन चिकटतात. ओलावा गेलेले रेक्झिन आकसते आणि तडकते, आणि भेगांतून ऊन आत शिरले की फोमचे पीठ होते.

आता या पॅडच्या डाव्या बाजूला, भेगांच्या गर्दीत, एक वेगळी खूण होती. शेजारी शेजारी दोन खोल खळगे. ते माझ्या दातांचे! १९८६ साली, मी सात वर्षांचा असताना, आम्ही मुंबईहून पुण्याला येत होतो. त्या काळी मुले पुढच्या बैठकीसमोर उभी राहून, पॅडला धरून रस्ता बघत. खंडाळ्याच्या घाटात एक बैल आडवा आला, अण्णांनी करकचून ब्रेक दाबला आणि माझे पुढचे दोन दात पॅडमध्ये रुतले. दुधाचेच होते, ते तिथेच पडले. "नाही तरी पडायचेच होते," असे आई म्हणे. बैलाची ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पाहुण्याला सांगून झाली आहे. आई ती रंगवून सांगे. अण्णा त्या वेळी हटकून पाणी प्यायला उठत.

पॅड मी ओट्यावर ठेवला. अण्णा खाली आले, बाजूच्या खुर्चीवर बसले, आणि त्यांचे बोट त्या दोन खळग्यांवर गेले. गाडी सुरू करण्याआधी ते नेहमी डावीकडे वाकून पॅडवर बोट फिरवीत. आम्हांला वाटे, गणपतीला नमस्कार करतात.

"बैल नव्हता रे," अण्णा म्हणाले.

मला कळेना.

"एक अॅम्बेसेडर होती पुढं. नवी गाडी होती माझी, म्हटलं हिला मागं टाकू. वळणावर समोरून ट्रक आला. बैल तुझ्या आईनं आणला, नंतर, घरी आल्यावर. तुझ्या आजोबांना सांगायला."

मी गप्प राहिलो. मिस्त्री काडेपेटीतले नट उगाच मोजू लागला.

"हा नुसता पत्रा असता तर?" अण्णांनी पॅडवर थाप मारली. भुसा उडाला. "त्या दिवसापासून किल्ली फिरवायच्या आधी ही खूण बघायची असं ठरवलं. बघितल्याशिवाय गाडी काढली नाही. म्हणून बदलू देत नव्हतो."

"मग राहू द्या ना, अण्णा. एवढा तुकडा कापून ठेवू."

"नको. गेली दोन वर्षं मला ती बसल्या जागेवरून दिसतच नाही. वाकून बोटानं चाचपावी लागते." ते थोडे थांबले. "दिसेनाशी झाली तेव्हाच किल्ली तुझ्या हातात द्यायला हवी होती. तू बोलशील असं वाटलं होतं."

जे वाक्य मला तीन महिने जुळवता आले नाही, ते अण्णांनी असे सहज उच्चारले. वर माझ्या न बोलण्याची नोंदही केली. अण्णांना लाज वाटू नये म्हणून आईने बैल आणला. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून मी पॅड काढला. आमच्या घरात माणसांनीही एकमेकांसाठी गादीचेच काम केले. पण आईच्या गादीने मार झेलला होता. माझ्या गादीखाली मात्र लाल दिवा ओलांडणारी गाडी तशीच धावत होती, आणि तिच्यात माझी मुलगी बसत होती.

पुढचे काम कुशनवाल्याचे. त्याने आतला पत्र्याचा सांगाडा घासून घेतला, गंजावर रंग मारला आणि दाट फोम कापला. उशीचा मऊ स्पंज त्याने आधीच नाकारला. "तो दाबला की लगेच तळाला जातो, साहेब. मग डोकं पत्र्यावरच." रेक्झिन उन्हात तापवून सैल केले, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते सुकत आल्यावर मधून कडांकडे ताणत नेले, म्हणजे सुरकुती राहत नाही. बसवताना मिस्त्रीने सगळे नट आधी नुसते बोटाने लावले आणि पॅड काचेशी नीट जुळल्यावर एकेक आवळला. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी वर उचलते. शेवटी गणपती आपल्या जागी आला.

"जुनं हे ठेवू का टाकू, सर?" मिस्त्रीने विचारले. मी अण्णांकडे पाहिले.

"टाक," अण्णा म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. कन्या मागे पट्टा लावून बसली. अण्णा पहिल्यांदाच डाव्या बाजूला, बरोबर माझ्या जुन्या जागी. नव्या रेक्झिनचा वास गाडीभर होता. लक्ष्मी रस्त्यावर एक सायकलवाला अचानक पुढे आला. मी ब्रेक दाबला, आणि माझा डावा हात आपोआप अण्णांच्या छातीसमोर आडवा गेला.

अण्णांनी त्या हाताकडे पाहिले. मग समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव."